लग्नाचे वस्त्र : बाजारात जाण्यापूर्वीचा विचार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत करोल बाग येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून गेल्या काही दिवसांत संतवाङ्मयापासून दिल्लीतील मराठी शिक्षणापर्यंत अनेक गहन विषयांवर जाणकारांची भाषणे झाली. त्या मालिकेत लग्नाच्या कपड्यांचा विषय घेऊन उभे राहताना आम्हांस थोडा संकोच वाटतो. ज्याचे सारे आयुष्य सरकारी नस्त्यांवर टिपणे लिहिण्यात गेले, त्या माणसाने शालू-पैठणीवर बोलावे म्हणजे तहसीलदाराने गाणे शिकवावे तसेच, असे कार्यकारिणीतील एका मित्राने सुचविलेही. परंतु दर वर्षी तुळशीचे लग्न लागले, की आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी दोन-चार घरांतून एकच प्रश्न ऐकू येतो : “मुलीचे लग्न ठरले आहे, कपडे कोणते घ्यावेत, कोठून घ्यावेत?” प्रश्न साधा दिसतो. पण त्यापायी घरात अबोला धरलेला, व्याह्या-व्याह्यांत कुरबुर झालेली आणि भविष्यनिर्वाह निधीतून उचल घ्यावी लागलेली उदाहरणे आम्ही पाहिली आहेत. तेव्हा या विषयावर दोन शब्द बोलणे अगदीच अस्थानी ठरू नये.

हा प्रश्न पुण्यात किंवा साताऱ्यात जितका बिकट होत नाही तितका तो करोल बागेत होतो, आणि त्याचे कारण या वस्तीच्या घडणीत आहे. १९११ साली राजधानी दिल्लीस हलविण्याची घोषणा झाली आणि नव्या शहरासाठी जमिनी घेतल्या गेल्या. त्यामुळे जी खेडी उठली त्यांतील बरीच माणसे पुढे येथे वसविण्यात आली. हकीम अजमल खां यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या तिब्बिया महाविद्यालयाचे उद्घाटन महात्मा गांधींच्या हस्ते १९२१ मध्ये झाले, ते याच परिसरात. १९४७ च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी येथे दुकाने थाटली आणि पाहता पाहता अजमल खां मार्ग हा लग्नाच्या खरेदीचा राजमार्ग बनला. बीडनपुरा आणि रैगरपुरा येथे बंगाली सोनार बसले. आसपास तमिळ कुटुंबे राहिली. आणि केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त आलेले आमच्या वडिलांसारखे मराठी कारकूनही एक-दोन खोल्या भाड्याने घेऊन येथेच रुजले. सांगली जिल्ह्यातील विटे, खानापूर, आटपाडी या भागातून सोने गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेले आपले बांधव दिल्लीच्या सराफ बाजारांतही स्थिरावले. अशा या वस्तीत वाढलेल्या मराठी मुलीने लहानपणापासून दुकानांच्या काचेआड पाहिलेला वधूवेष कोणता? लाल लेहेंगा! घरातील भिंतीवरच्या छायाचित्रातला कोणता? आजीची नऊवारी आणि आईचा शालू. एका डोळ्यात एक आणि दुसऱ्यात दुसरे अशी चित्रे घेऊन ती मोठी होते. मग लग्न ठरल्यावर ती गोंधळली तर नवल ते काय?

आमच्या मते येथे पहिली पायरी दुकानाची नसून विधीची आहे. कोणत्या प्रसंगी काय अंगावर असावे हे कागदावर मांडले, की निम्मा गोंधळ आपोआप मिटतो. हळदीला नवे वस्त्र लागतच नाही. डाग पडला तरी चालेल अशी सुती साडी पुरते. गौरीहर पुजताना मुलगी मामाने आणलेली पिवळी साडी नेसते. तिला अनेक घरांत अष्टपुत्री म्हणतात. आठ पुत्रांचा तो आशीर्वाद आज कोणी शब्दशः घेत नाही, ही गोष्ट वेगळी! काही घरांत याच पिवळ्या साडीत मुलगी अंतरपाटापाशी उभी राहते आणि पुढे वराकडून आलेला शालू नेसून सप्तपदीस येते. काही घरांत आरंभापासून शालू किंवा पैठणी असते. खांद्यावर शेला, कपाळी मुंडावळ्या, हातांत हिरवा चुडा. वराला सोवळे किंवा धोतर, उपरणे आणि पगडी अथवा फेटा. एवढे झाले की धार्मिक भाग संपला. संध्याकाळचा स्वागतसमारंभ हा लौकिक भाग. तेथे परंपरेचे बंधन नाही आणि हौसेला मोकळीक आहे. आमचे निरीक्षण असे, की भांडणे होतात ती बहुतेक या दोन भागांची सरमिसळ केल्याने. आजी बोलत असते सकाळच्या वस्त्राबद्दल, नात बोलत असते संध्याकाळच्या, आणि दोघी एकमेकींवर रुसून बसतात.

दुसरा गैरसमज असा, की “महाराष्ट्रीय वधूचा पोशाख” नावाची एकच ठाम वस्तू अस्तित्वात आहे. तशी ती नाही. नऊवारी म्हटली तरी कोळी समाजाची नेसण निराळी, ब्राह्मणी नेसण निराळी, शेतकरी घरातली निराळी. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापिला आणि पुरोहितावाचून, थोडक्या खर्चात लग्ने लावण्याचा प्रघात पाडला. तेथे वस्त्राचा डामडौल हाच मुळी टाकून देण्याचा विषय होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली व दिली, आणि त्यानंतर महाराष्ट्रातील बौद्ध विवाहांत वधू-वरांनी शुभ्र वस्त्रे नेसण्याची रीत रूढ झाली. इतरत्र लग्नात जो रंग सहसा कोणी नेसत नाही, तोच त्यांनी आपल्या मंगल कार्याचा रंग केला. वस्त्रात केवढा अर्थ साठविता येतो याचे याहून मोठे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. गोव्यातील ख्रिस्ती वधू चर्चमध्ये पांढरा झगा घालते, पण तिच्यासाठी लाल ‘साडो’ बेतण्याचा समारंभही घरी होतो. तो पांढरा झगा तरी कोठला पुरातन? इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने १८४० मध्ये स्वतःच्या लग्नात पांढरा पोशाख केला, आणि त्यानंतर तो युरोपभर प्रतिष्ठित झाला.

आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. ज्या शालूला आपण अस्सल मराठी म्हणून मिरवतो, तो येतो काशीहून. आपली शेजारीण बंगाली वधू जी लाल बनारसी नेसते, ती त्याच मागांवरची बहीण. पैठणी आपल्या गोदाकाठची खरी, परंतु तिचे रेशीम पुष्कळदा कर्नाटकातून आणि जर सुरतेहून येते. नऊ वारांचे लुगडे केवळ आपलेच, असेही नाही. याच करोल बागेतील तमिळ ब्राह्मण घरांतील मुली लग्नात नऊवारीच नेसतात आणि त्या नेसणीला मडिसार म्हणतात. सहावारी साडी आज आपल्याला सनातन वाटते. पण तिच्या नेसणीला आधुनिक वळण देण्याचे श्रेय ज्ञानदानंदिनी देवींना दिले जाते, आणि रवींद्रनाथ ठाकुरांच्या या वहिनींनी ते वळण एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या पारशी स्त्रियांकडे पाहून उचलले. तात्पर्य, वस्त्र आपले ठरते ते त्याच्या जन्मगावावरून नव्हे, तर ते कोणी कोणाला कोणत्या प्रसंगी दिले यावरून. हे ध्यानी आले, की “लेहेंगा परका आणि शालू आपला” या वादातील बरीचशी हवा निघून जाते.

हे तत्त्व आम्हांस पुस्तकातून कळले नाही. आमच्या कन्येचा विवाह याच भागातील एका पंजाबी कुटुंबात झाला. मुलगा सुशील, घर सुसंस्कृत. आक्षेपाला जागा नव्हती. परंतु वस्त्रांचा प्रश्न निघताच घरात तीन पक्ष झाले. आमच्या मातोश्रींचे म्हणणे, नातीने नऊवारीच नेसावी. आमच्या सौभाग्यवतींच्या मनात त्यांचा स्वतःचा, १९९४ साली लग्नात नेसलेला शालू. आणि व्याह्यांकडील मंडळी लेहेंगा गृहीतच धरून बसलेली. दोन आठवडे चर्चा चालली. शेवटी कन्या म्हणाली, “बाबा, तुम्ही सगळे मला सजवायचे म्हणता आहात, मला विचारणार केव्हा?” त्या वाक्यानंतर घरात थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग मातोश्रींनीच तिला जवळ बसवून विचारले, “सांग बाळ, तुला काय हवे?”

तिचे उत्तर तयार होते. सकाळी मराठी पद्धतीचा विधी, त्यात पिवळी साडी आणि मग आईचा शालू. रात्री त्यांच्या पद्धतीचे फेरे, त्यासाठी लेहेंगा, पण स्वतःला पेलेल इतपतच. नऊवारी ती लग्नात नेसणार नव्हती. “आजी, मला ती स्वतःची स्वतः नेसता येत नाही. दुसऱ्याने बांधून दिलेल्या वस्त्रात मी दिवसभर अवघडून जाईन. तू मला शिकव, मग पहिल्या संक्रांतीला मी नेसेन,” असे तिने सांगितले. आमच्या मातोश्रींना हे प्रथम लागले. पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी ट्रंकेतील लुगडे काढले आणि निऱ्यांचा पहिला धडा सुरू केला.

पुढे विहीणबाईंनी आम्हांस एक निरोप धाडला. त्यांच्यात नववधूच्या हातांत लाल-पांढरा चुडा भरतात, आणि तो मुलीच्या मामानेच आणावा लागतो. आमचे मेहुणे साताऱ्याहून मामाची पिवळी साडी घेऊन निघण्याच्या तयारीतच होते. त्यांना दूरध्वनी केला तेव्हा ते हसून म्हणाले, “म्हणजे दोन्हीकडच्या शास्त्रांनी मामालाच धरले म्हणायचे!” आम्ही मात्र थक्क झालो. सह्याद्रीच्या पायथ्याशी आणि पंचनद्यांच्या काठी, एकमेकांना न विचारता, लोकांनी एकच गोष्ट ठरविली होती : मुलगी माहेर सोडताना तिच्या अंगावरची एक वस्तू आईच्या भावाकडून यावी. एका ठिकाणी ती साडी झाली, दुसऱ्या ठिकाणी बांगड्या. लग्नाच्या दिवशी आमच्या कन्येच्या हातांत मामाने आणलेला लाल चुडा होता आणि त्याच्या मागेपुढे हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. दोन्ही कुटुंबांतील वडीलधाऱ्यांनी तो हात पाहिला आणि कोणीही नाक मुरडले नाही.

आता खरेदीकडे वळू. येथे काही व्यवहारज्ञान सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम पैठणीविषयी. खऱ्या पैठणीचा पदर हातमागावर, छोट्या छोट्या कांड्यांवरचे रंगीत रेशीम ताण्यांतून हाताने गुंफून विणतात. त्यामुळे मोर असो, कमळ असो वा पोपट असो, नक्षी उलट बाजूनेही सुलटीसारखीच स्वच्छ दिसते. यंत्राच्या साहाय्याने काढलेल्या, बाजारात ‘सेमी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पैठणीच्या पाठीमागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. सेमी घेण्यात कमीपणा काहीच नाही. ती सुबक असते आणि अनेकांच्या आवाक्यात असते. मात्र सेमीची किंमत देऊन सेमी घ्यावी, अस्सलची किंमत देऊन नव्हे. बाजारातील एका दुकानात आम्हांस “खास येवल्याची, हाताची” म्हणून एक साडी दाखविण्यात आली. सौभाग्यवतींनी पदर उलटून पाहिला तर धाग्यांचे जंगल! दुकानदार यत्किंचितही न ओशाळता म्हणाला, “बहनजी, उलटी तरफ कौन देखता है?” आम्ही नमस्कार करून पायऱ्या उतरलो. भगिनींनो, उलटी बाजू अवश्य पाहावी. पैठणीला २०१० मध्ये आणि बनारसी वस्त्रांना त्याआधी २००९ मध्ये भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली आहे. शुद्ध रेशमासाठी ‘सिल्क मार्क’ ही खूण २००४ पासून आहे. या खुणांविषयी दुकानदारास विचारण्यात संकोच बाळगू नये.

रेशीम ओळखण्याची घरगुती रीत आपल्या आज्यांना ठाऊक होती. काठाजवळचा एखादा सुटा धागा जाळून पाहावा. खरे रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे बोटांनी चुरडता येईल अशी राख उरते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याची कडक गोळी होते. जरीचे तसेच. अस्सल जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. ती किंचित खरवडली तर आत पांढरी चमक दिसते. तांब्याची असेल तर लालसर छटा येते. याशिवाय निव्वळ प्लॅस्टिकची जरही मुबलक मिळते. ती वजनाला हलकी असते आणि काळी पडत नाही, हा तिचा गुणही म्हणावा लागेल.

दिल्लीत ही वस्त्रे पाहण्यासाठी करोल बाग हे एकच ठिकाण नाही. बाबा खडकसिंग मार्गावर राज्यांच्या हस्तकला भांडारांची रांग आहे, आणि १९९४ मध्ये सुरू झालेल्या दिल्ली हाटमध्ये अधूनमधून विणकर स्वतः माल घेऊन येतात. विणकराशी समोरासमोर बोलून घेतलेल्या साडीची गोष्टच वेगळी. पदर विणायला किती दिवस लागले, हे त्याच्या तोंडून ऐकले म्हणजे घासाघीस करताना आपली जीभ आपोआप आवरते. करोल बागेत यायचेच झाले तर सोमवार टाळावा; त्या दिवशी मोठी दुकाने बंद असतात. मेट्रो गाडी येथे २००५ पासून आली आहे आणि अजमल खां मार्गाचा काही भाग २०१९ मध्ये वाहनांना बंद झाला आहे. तेव्हा मोटार घरी ठेवलेली बरी. खरेदीला जाताना चौघींपेक्षा अधिक माणसे नसावीत. आठ जणांनी मिळून निवडलेली साडी बहुधा त्या आठांपैकी कोणाच्याच मनासारखी नसते.

हवामानाचा विचार दिल्लीकराने प्रथम करावा. आपल्या मुहूर्तांपैकी पुष्कळ ऐन थंडीत येतात. सकाळी आठ वाजता धुक्यात सुती पिवळी साडी नेसून बसलेल्या मुलीचे नाक मुंडावळ्यांखाली लाल होते. आत लोकरीचे पातळ वस्त्र घालता येईल अशा बाह्यांचा ब्लाऊज शिवावा. पुढे शोभेल आणि उबही देईल अशी शाल शेल्याच्या जोडीला ठेवावी. उत्तरेकडील लग्ने रात्री, उघड्या मांडवात लागतात. तेथे उघड्या पाठीच्या चोळीची हौस ज्यांना आहे त्यांनी शेगडीची व्यवस्थाही करावी!

नऊवारी घ्यावयाची असेल तर सुमारे सव्वाआठ मीटर लांबीचे वस्त्र लागते, हे ध्यानात ठेवावे. साडेपाच मीटरची साडी ओढूनताणून नऊवारी होत नाही. शिवलेली नऊवारी सोयीची आहे आणि तिला हसण्याचे कारण नाही. पण अखंड वस्त्र कापून शिवण्यापूर्वी दोनदा विचार करावा. न कापलेले लुगडे लेकीकडून नातीकडे जाते, कापलेले एकाच देहाच्या मापाचे होऊन राहते.

जुन्या शालूविषयीही सांगितले पाहिजे. आमच्या घरचा शालू तीस वर्षांनंतर उघडला तेव्हा एका घडीवर रेशीम विरलेले आढळले. जरीचे वस्त्र एकाच घडीत पडून राहिले की तेथे ते कमकुवत होते, म्हणून वर्षातून एकदा घड्या बदलाव्यात आणि वस्त्र स्वच्छ सुती कापडात गुंडाळून ठेवावे. दिल्लीत अजून कसबी रफूगार आहेत. एका वृद्ध कारागिराने त्या घडीवर असे काम केले, की ते कोठे झाले हे आम्हांस चष्मा लावूनही सांगता येत नाही. नव्या साडीच्या किमतीच्या अल्पांशात मुलीला आईचे वस्त्र मिळाले. ते नेसून ती बोहल्यावर आली तेव्हा आमच्या सौभाग्यवतींची काय अवस्था झाली, ते या व्यासपीठावरून वर्णन करण्याची आम्हांस परवानगी नाही.

लेहेंग्याबाबत आमचे मत कडवे नाही. जरदोजीचे काम ही उत्तर हिंदुस्थानची थोर कला आहे. परंतु भरगच्च लेहेंग्याचे वजन कित्येक किलो असते, आणि तो पुन्हा घालण्याचे प्रसंग फारच थोडे. म्हणून तो घेण्यापूर्वी मुलीने तो घालून दुकानात पंधरा मिनिटे चालावे, बसावे, वाकून नमस्कार करून पाहावा. आता भाड्यानेही लेहेंगे मिळतात. आमच्या कन्येने रात्रीच्या फेऱ्यांसाठी हलका, पुढे चोळी आणि ओढणी निरनिराळ्या वापरता येतील असा लेहेंगा घेतला. व्याह्यांनी भारी घ्या असा आग्रह धरला नाही, हे त्यांच्या सुसंस्कृतपणाचे लक्षण.

येथे खर्चाचा विषय ओघानेच येतो, आणि सरकारी सेवकांनी भरलेल्या या सभेत तो टाळणे प्रशस्त होणार नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमात सप्तपदीचा उल्लेख आहे. सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण होतो. पायात जरीचा काठ घोळत होता की नव्हता, याविषयी त्यात अवाक्षर नाही. उलट, १९६१ चा हुंडाप्रतिबंधक कायदा आहे. त्याखाली १९८५ मध्ये झालेल्या नियमांप्रमाणे वधू-वरांना मिळालेल्या भेटींची यादी, प्रत्येक वस्तूचे वर्णन, अंदाजी किंमत आणि देणाऱ्याचे नाते यांसह लिहून ठेवावयाची असते. केंद्रीय नागरी सेवा आचरण नियम, १९६४ मधील नियम १३-अ नुसार हुंडा देणे, घेणे वा मागणे आपणांस वर्ज्य आहे. “आमच्या सगळ्या बायकांना पैठण्या हव्यात” ही मागणी जेव्हा लग्नाची अट म्हणून येते, तेव्हा ती मानपानाचा मुखवटा घातलेली हुंड्याचीच मागणी होय. ती ओळखावी आणि नम्रपणे पण ठामपणे नाकारावी. साधेपणात कमीपणा वाटत असेल तर एक गोष्ट आठवावी. मार्च १९४२ मध्ये अलाहाबाद येथे इंदिराजींचा विवाह झाला तेव्हा त्या जी फिकट गुलाबी साडी नेसल्या होत्या, ती खादीची होती, आणि तिचे सूत पंडित नेहरूंनी तुरुंगात कातले होते. त्या घराला रेशीम परवडत नव्हते असे कोणी म्हणणार नाही.

मित्रहो, आता समारोप करतो. लग्नाच्या वस्त्रासंबंधी आम्ही जो क्रम सुचविला तो असा : आधी मुलीला विचारावे, मग विधी ठरवावा, मग ऋतू पाहावा, मग घरातील पेट्या उघडाव्यात, मग खर्चाचा आकडा दोघांनी बसून लिहावा, आणि या सर्वांनंतर बाजाराची वाट धरावी. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा असतो. बाजार प्रथम आणि मुलगी शेवटी.

या सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळापुढे दोन विनंत्या ठेवतो. पहिली अशी, की ज्यांच्या घरी चांगली नऊवारी लुगडी, शेले, उपरणी, अंतरपाट पडून आहेत त्यांनी ती मंडळास द्यावीत आणि मंडळाने एका कपाटात नीट जपून, गरजू सभासदांना लग्नकार्यासाठी वापरावयास द्यावीत. दुसरी, महिन्यातून एका रविवारी आपल्यातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी तरुण मुलींना नऊवारी नेसण्यास शिकवावे. पन्नास वर्षांपूर्वी हे मंडळ स्थापन झाले तेव्हा ती विद्या घरोघरी होती. आज आपल्या सभासदांत ती येणाऱ्या स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. आमच्या मातोश्री त्यांपैकी एक. वय शहाऐंशी आहे, पण येण्याची त्यांची तयारी आहे. मांडीखाली एक चटई आणि दुपारी चार वाजता चहा, एवढीच त्यांची अट आहे.